काठावरचा पांढरा डाग

तळ्याचा फोटो काढताना लेन्सवर पाणी उडालं होतं. स्टुडिओतली मुलगी सकाळपासून संगणकावर त्याचे डाग पुसत होती. हॉटेलवाल्याला जाहिरातीसाठी तळं आरशासारखं हवं होतं. मागे उभे राहून स्टुडिओचे मालक म्हणाले, “काठावरचा पांढरा डाग राहिला की.” “तो डाग नाही, काका. आमचं घर आहे.” तिने फोटो मोठा केला. अंगणात दोरीवर आईची चादर वाळत होती. “ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला काठ मोकळा हवाय. तुझी आई जागा सोडत नाही, निदान फोटोतून तरी हटू दे.” “दारात बुलडोझर आला तेव्हा हटली नाही, ती माउसला भीक घालेल?” “मग उद्यापासून येऊ नकोस.” तिने उरलेले डाग निगुतीने पुसले; अर्धवट काम टाकणं तिच्या घरात कुणालाच जमत नव्हतं. मग चादर आणखी उजळ करून फोटो थेट हॉटेलवाल्याला पाठवला.