चौथा आकडा

जुन्या रॉक बँडच्या गाजलेल्या गाण्यांचा अल्बम नव्याने निघणार होता. चौदा गाणी, चाळीस वर्षांपूर्वीच्या टेप, आणि त्या साफ करता करता साउंडवाल्याच्या डोक्याचा पार भुगा झालेला.

बँडची एक खोड होती. गाण्याआधी चौघं एकेक आकडा म्हणायचे. ड्रमवाला एक, गिटारवाला दोन, बेसवाला तीन, गायक चार. मग गाणं.

आज कुठल्याच टेपवर चार नव्हता. तीन व्हायचे आणि पुढे नुसती शांतता. गाणंही नाही.

"पुसलं गेलं असेल," साउंडवाला म्हणाला.

"चौदाही ठिकाणी?" मागच्या खुर्चीतून गायककाकांनी जांभई दिली. बँडमधले तेवढेच उरले होते, बाकीचे तिघं कधीच गेले. "माझ्यासाठी थांबलेत रे ते. मी चार म्हटलं की मला घेऊन निघतील. आणि मी तर घरी सांगून आलोय, जेवायला येतो म्हणून."

"मग म्हणू नका, काका."

"नाहीच म्हणत. पण इतकं ताटकळत ठेवायचं म्हणजे लाज वाटते."

साउंडवाल्याने टेप बंद केली. तरीही स्पीकरमध्ये कोणीतरी घसा खाकरला.

"एक."

"दोन."

"तीन."

काकांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

तेवढ्यात कंपनीचा फोन आला, सकाळपासूनचा सातवा. "किती वाजता देताय?"

"चार," साउंडवाला कंटाळून म्हणाला.

स्पीकरमध्ये थोडी कुजबुज झाली.

"आवाज नवीन आहे," ड्रमवाला म्हणाला. "पण चालेल."