दाराखालची फट

बेल वाजली, तेव्हा खोलीच्या बंद दारापलीकडे कुणाचा तरी गुडघा कट्कन वाजला.

सुनेचा बाळाला थोपटणारा हात थांबला. तिने कानोसा घेतला. आधी कपड्यांची सळसळ, मग भिंतीला धरत धरत दूर गेलेली पावलं. म्हणजे आजही. दार लावून बाळाला निजवायला घेतलं की सासूबाई पलीकडे येऊन बसतात, याबद्दल तिला आता तसूभरही शंका उरली नव्हती.

नवऱ्याला सांगून ती दमली होती. तो हसण्यावारी न्यायचा. पण वेगळी खोली भाड्याने घ्यायचं दोघांनी याच दाराआड, कुजबुजत ठरवलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी माळ्यावरची जास्तीची भांडी काढून घासायला घेतली. कशाला, विचारलं तर म्हणाल्या, लागतील कुणाला तरी. त्यांना कळलं कसं? खोलीच्या मालकाला आज होकार द्यायचा होता. नवरा अजून घुटमळत होता. इथे सरकारी योजनेतलं, घर गरम ठेवणारं नवं यंत्र मंजूर झालं तर बाळाला गारठ्याचा त्रास होणार नाही, मग राहू की इथेच, असं त्याचं म्हणणं. ती म्हणाली होती, यंत्राने खोली गरम होईल, दारामागचं माणूस थोडंच हलणार आहे? शेवटी ठरलं, त्या यंत्रासाठी आज घराची तपासणी झाली की तो फोन करेल आणि ती काय ते सांगेल.

ती बाहेर आली तेव्हा सासूबाई तपासनिसाला दारातच अडवून उभ्या होत्या.

योजना साधी होती. जुना हीटर सरकारला द्यायचा आणि थंडीत गरम, उन्हाळ्यात गार हवा देणारं, वीज कमी खाणारं नवं यंत्र सवलतीत घ्यायचं. सासूबाईंना ती पहिल्या दिवसापासून खटकत होती. जुनं आधी उचलून नेणार, नवं येईल तेव्हा येणार, मधल्या दिवसांत काय तो मंजुरीचा कागद पांघरायचा, असं त्या येईल त्याला विचारत. सुनेला ही निव्वळ आडकाठी वाटायची. घर त्यांच्या नावावर, तेव्हा त्यांनी मान हलवल्याशिवाय काहीच हलत नसे.

तपासनिसाकडे एक कॅमेरा होता. त्याच्या पडद्यावर गार जागा निळी दिसे, उबदार जागा नारिंगी. तो एकेक भिंत भराभर बघत चालला आणि सासूबाई त्याच्या पाठोपाठ. भिंतींचे फोटो कशाला, उद्या घर लिहून घ्याल, असंही त्यांनी ऐकवलं. तो म्हणाला, आजी, भिंती इथेच ठेवून जातो, नेणार फक्त हीटर.

त्याने हीटर पाहिला, खिडकी पाहिली, झोपलेल्या बाळाला चाहूल लागू न देता खोली पाहिली. मग पॅसेजमध्ये येऊन खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं, बाहेरून त्यावर कॅमेरा धरला आणि थबकला. अख्खं दार निळं होतं. फक्त खाली, जमिनीला टेकून, एक मोठा नारिंगी डाग होता.

"इथे आत्ता कुणी बसलं होतं का?" त्याने विचारलं.

सुनेला जिंकल्यासारखं वाटलं. इतके दिवस जे कुणाला पटत नव्हतं, ते आता रंगीत चित्रात समोर होतं.

"आई," ती परक्या माणसासमोर, मुद्दामच म्हणाली, "रोज इथे बसून आमचं ऐकता ना?"

सासूबाईंनी अंगावरची शाल नीट केली.

तपासनीस अवघडला. मग त्याने आपलं कामच पुढे रेटलं. घराचं मुख्य दार चौकटीत नीट बसत नाही, म्हणाला, आणि पडद्यावर बोट फिरवून दाखवलं. तिथून निघालेला निळा पट्टा जमिनीवरून सरळ खोलीच्या दारापर्यंत आला होता. दाराखाली बोटभर फट होती. पलीकडे पाळणा. ही फट बुजवल्याशिवाय सवलत मंजूर होणार नाही, वारा थेट लेकरावर जातोय, असं तो सांगत होता. बोलता बोलता नारिंगी डाग विझत चालला आणि कडेकडेने निळा रंग त्याच्यात शिरू लागला.

सून वाकून पाहू लागली. जमिनीवर बसलेल्या माणसाचा कान जिथे टेकेल, तिथे काहीच नव्हतं. डाग खाली होता, रुंद होता. ती पाठ होती. फटीला लागून बसलेली.

"कापड लावून पाहिलं होतं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "पण तू बाळाला घेऊन घाईत बाहेर येतेस. पाय अडकला असता."

"मग सांगायचं तरी."

"काय सांगू? सासू दाराशी बसते म्हणून?"

सुनेचा फोन वाजला. पडद्यावर नवऱ्याचं नाव होतं. तो वाजत राहिला, आणि ती हातातल्या फोनकडे नुसती बघत राहिली.

"उचल," सासूबाई म्हणाल्या. "खोलीचंच असेल. तुमचं ठरलं तेव्हाच सांगून गेलाय तो मला. घ्या ती खोली. फक्त तिथे दाराखाली फट नाही ना, तेवढं आधी बघून घे."