क्लच सुटेना
मुलांनो, डोळे मिटून क्वीन्सलँडचं तापलेलं माळरान समोर आणा. पाण्याची टाकी लादलेली जीप अंगणातच अडलीय आणि चार मैलांवर कोरड्या हौदापाशी वासरं तहानेने कोसळताहेत. टॅम्सिनच्या डेसमामाने जीपला दुसरं इंजिन बसवल्यापासून क्लच कितीही दाबला तरी सुटत नाही, गिअर किंचाळतो. “इंजिनच्या फ्लायव्हील चाकावर क्लचची तबकडी उलटी बसवलीस, आंधळ्या!” टॅम्सिनची आई जीपचं दार आपटून उतरली. “तुझ्या पायात जोर नाही, ताई!” “दोन्ही पायांनी उभी राहिले त्याच्यावर!” “मग उतरवतो इंजिन. उद्यापर्यंत होईल,” मामा गुरगुरला. “उद्या काय मढी धुशील त्या पाण्याने?” दोघं तोंडाला तोंड देत असताना दहा वर्षांची टॅम्सिन गाडीत चढली. तिने इंजिन बंद केलं, पहिला गिअर टाकला आणि तशीच किल्ली फिरवली. क्लच सुटत नसल्याने इंजिन चाकांना जोडलेलंच होतं; किल्लीसरशी गचका खाऊन जीप वासरांकडे निघाली. “थांब!” दोघं ओरडली. ती थांबली नाही.