बाजूची जाळी

रेफरी काशीनाथची बायको गेली हे उधव्याच्या पोरांना कळलं ते चिखल्याच्या मैदानात, फायनल संपत आली असताना.

चिखल्याच्या विपुलनं मारलेला बॉल जाळीत होता. काशीनाथनं गोलची शिट्टी दिली. उधव्याचा गोलकीपर रघ्या धावत आला आणि त्यानं रेफरीचा दंड धरला.

"काका, बॉल बाजूनं घुसला. जाळी फाटलीय. चला, दाखवतो."

"हात सोड."

रघ्यानं सोडला नाही. ओढतच दोन पावलं नेलं. सुरूच्या झाडांखाली बसलेलं सगळं गाव उठलं.

"उधव्याला ना समुद्र, ना जाळी. हा आम्हाला शिकवणार!" कोणीतरी ओरडलं. लोक हसले.

विपुल बॉल घेऊन मध्यावर निघाला होता. "काका, गोल दिलाय. चालू करा." तिथून खेळ सुरू झाला की गोल मागे घेता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"थांब," काशीनाथ म्हणाला आणि गोलकडे चालू लागला.

मच्छीमारीची जुनी जाळी होती. दरवर्षी फायनलच्या आधी त्याची बायको मनोरमा खांबापाशी बसून ती शिवायची. मॅचआधी जाळी तपासायची असते, पण तिनं शिवलेली जाळी काय तपासायची, म्हणून काशीनाथ कधी वाकून बघत नसे. आजही तो तसाच पुढे गेला होता.

त्यानं खांबाशेजारी हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला.

त्यानं दोन्ही हात हलवून गोल रद्द केला. चिखल्याची माणसं शिव्या देऊ लागली. विपुलनं बॉल आपटला. "आपल्याच गावात, काका?"

काशीनाथनं तिकडे पाहिलं नाही. खिशातून लाल कार्ड काढून रघ्यासमोर धरलं. रेफरीला हात लावला की वर्षभर बंदी. रघ्याची जिल्ह्याच्या टीममध्ये निवड झाली होती, पुढच्या रविवारी पालघरला पहिली मॅच होती.

"माझं बरोबर होतं ना?" रघ्या म्हणाला.

"बरोबर होतं. पण तू हात लावलास."

"आणि तुम्ही जाळी बघितली नाही. त्याचं कार्ड कोण दाखवणार?"

काशीनाथनं कार्ड तसंच धरून ठेवलं.

"काकीला बोलवा," रघ्याचा आवाज चढला. "दरवर्षी तीच बसते ना इथं? यंदा शिवली का नाही, विचारा तिला."

"आषाढात गेली ती."

 रघ्यानं हातमोजे काढले, दुसऱ्या पोराच्या हातात दिले आणि कोणाकडे न बघता मैदानाबाहेर गेला. काशीनाथनं कार्ड खाली केलं, पण मागे घेतलं नाही.

विपुलनं नायलॉनची दोरी आणून दिली. "बांधा लवकर. उजेड जातोय."

काशीनाथ खांबाशी बसला. त्यानं दोरी भोकाभोवती फिरवली, आवळली. ती सुटली. पुन्हा आवळली, पुन्हा सुटली. आजूबाजूच्या गाठी बारीक होत्या, सगळ्या सारख्या. पलीकडे बावीसऐवजी एकवीस जण उभे होते आणि वाट बघत होते.

भोक अजून तसंच होतं.