पाण्याचा डाग

“रोज करता तस्संच करा. मी इथे नाहीच असं समजा,” जंतूंच्या डॉक्टर बाई म्हणाल्या आणि औषध-मिश्रणाच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

फार्मसीच्या प्रमुखांना तसं समजणं जड गेलं. अख्खं हॉस्पिटल त्यांना पाठीमागे साबणराव म्हणे. ते लिफ्टचं बटणसुद्धा कोपराने दाबत. ज्या तान्ह्या बाळांना दूध पचत नाही, त्यांना शिरेतून द्यायचं पोषण ते इथे स्वतःच्या हाताने तयार करत. नवजात कक्षातली बाळं तापाने फणफणली आणि सगळ्यांच्या रक्तात एकच जंतू निघाला, तेव्हा बैठकीत सर्वांत आधी तेच बोलले होते: नातेवाईक हात धूत नाहीत. एका आईकडे तर त्यांनी बोटच दाखवलं. तेव्हापासून ती काचेबाहेर होती. बाळाला हात लावायचा नाही.

बाईंनी नुसत्या संशयावरून कालच पोषणाच्या पिशव्या थांबवल्या. आज एका उरलेल्या पिशवीत तोच जंतू सापडला. तो तिथे शिरला कुठून, एवढंच राहिलं होतं.

साबणरावांनी हात घासले. टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे, सगळं यथासांग झालं. वाफेच्या भट्टीतून पोषण कालवायचं मोठं स्टीलचं भांडं आलं. त्यात आता एकही जंतू जिवंत नसणार, याबद्दल दोघांचं एकमत होतं. साबणरावांनी ते दिव्यासमोर धरलं, कपाळाला आठी घातली आणि भांडं नळाखाली खळखळून विसळलं.

“हे काय केलंत?”

“डाग होता. पाण्याचा.”

“रोज विसळता?”

“एक दिवस चुकलेलो नाही,” साबणराव म्हणाले. “बाळांचं अन्न आहे, बाई. मी डाग चालवून घेत नाही.”

बाईंनी खिशातून कापसाची काडी काढून नळाच्या तोंडात फिरवली. ती गुलाबीसर, बुळबुळीत होऊन बाहेर आली. प्रयोगशाळा काय सांगणार, हे दोघांनाही तिथेच कळलं. साबणरावांनी काडीकडे पाहिलं, मग भांड्याकडे. भांडं लखलखत होतं.

बाई रागावल्या नाहीत. काचेबाहेरच्या त्या आईच्या बाळाचा ताप उतरतोय, तिला आत सोडायचं, एवढंच त्यांनी सांगितलं. बंदी तुम्ही घातलीत, तुम्हीच उठवा, म्हणाल्या.

कक्षाच्या दाराशी आई बाकावर बसली होती. साबणराव दिसताच ती उठली आणि ते काही बोलायच्या आत तिने, त्यांनीच शिकवलं होतं तसे, दोन्ही हात पुढे केले. आधी तळवे, मग पालथे. साबणाने बोटांची सालं निघाली होती.

“आत्ताच परत धुतलेत, साहेब. बघा.”

साबणरावांनी आपले हात पाठीमागे नेले, आणि दार कोपराने ढकलून तिच्यासाठी उघडं धरलं.