दोघांपुरतं घर

तिसरं चित्रही सहा वर्षांच्या मुंगीने मधोमध फाडलं आणि दोन्ही तुकडे नीट जुळवून फ्रेमवालीच्या हातात दिले.

"हेही नको."

फ्रेमवालीने तुकडे बाजूला ठेवले. बाहुलीघर करून द्यायचं हे तिच्याच डोक्यातून निघालेलं. फोटोंच्या चौकटी करून उरलेल्या लाकडी पट्ट्या दुकानात पडून होत्या, हातात कसब होतं आणि पंधरा दिवसांनी ज्या घरात ती लग्न करून यायची होती, त्या घरातली ही पोर तिच्याशी धड बोलत नव्हती. बाहुलीघर म्हटल्यावर कुठली मुलगी खुलणार नाही?

मुंगी खुलली नाही. दुमजली नको म्हणाली. गॅलरीचं नको. आता हे चार खोल्यांचंही नको.

"मुंगे, काकूंशी असं वागतात का?" तिचा बाबा दारातून म्हणाला. आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे. त्याचं चष्म्यांचं दुकान फ्रेमवालीच्या दुकानाला लागूनच होतं, आणि वर्षभरात तिने त्याला कुणावर डाफरताना ऐकलं नव्हतं. बायको बाळंतपणात गेली, तेव्हापासून त्याने एकट्याने मुलीचं सगळं केलं होतं.

मुंगीने मान खाली घातली. तो चहा टाकायला आत गेला.

खरं सांगायचं तर फ्रेमवालीला या एवढ्याशा पोरीची भीती वाटू लागली होती. पहिल्याच भेटीत मुंगीने तिची ओढणी कापली होती. रागाने टराटरा फाडली असती तर समजलं असतं. हिने शांतपणे बसून कात्रीने एकसारख्या पट्ट्या केल्या. पुढच्या वेळी पर्समध्ये शाई ओतली. आणि दर वेळी निघताना तिच्या चपला फाटकाबाहेर असायच्या, रस्त्याकडे तोंड करून.

"पोरगी आहे की वाघीण?" बहीण म्हणाली होती. "अजून वेळ गेलेली नाही. मोड लग्न."

"आईविना वाढलीय गं."

"तू वाढवायला जाशील आणि ती तुलाच फाडून खाईल!"

तेव्हा दोघी हसल्या होत्या. पण आता या बंद खिडक्यांच्या खोलीत त्या थंड डोळ्यांसमोर बसल्यावर तिला हसू येत नव्हतं.

चष्मेवाल्याने तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. "तुझ्याआधी एकीशी ठरलं होतं," तो एकदा म्हणाला होता. "मुंगीने तिला इतकं छळलं, की एक दिवस न सांगता निघून गेली. साधी चिठ्ठीसुद्धा नाही." बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. त्याच दिवशी फ्रेमवालीने मनाशी ठरवलं, आपण असं पाठ फिरवून जायचं नाही.

तिने कोरा कागद पुढे सरकवला. "मग तूच काढून दाखव, कसं हवं ते."

मुंगीने पेन्सिल मुठीत आवळली. एक चौकोन काढला, त्याला भलंमोठं दार. बस्स.

"एकच खोली?"

"हो. सगळं दिसलं पाहिजे."

"आणि राहणार कोण कोण?"

"बाबा आणि मी."

"मी कुठे राहू मग?"

"तुम्ही नाही." मुंगीने वर पाहिलं. पापणीही लवली नाही. "तुम्हाला यात जागाच करायची नाही."

उठावं, चपला घालाव्यात, मागे वळूनही पाहू नये, असं फ्रेमवालीला क्षणभर वाटलं. आत कपबशा वाजल्या. त्या घरगुती आवाजाने तिला धीर आला. ती खाली फरशीवर बसली, मुंगीच्या डोळ्यांच्या पातळीवर.

"हे बघ, मुंगी. ओढण्या काप, शाई ओत, हवा तेवढा त्रास दे. मी काही झालं तरी जाणार नाही."

मुंगीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि एकदम पुढे झाली. आता ही चावणार, असं वाटून फ्रेमवालीने अंग चोरलं. पण दोन लहान हातांनी तिच्या गळ्याला घट्ट मिठी मारली आणि कानाशी गरम श्वास आला.

"जा ना, काकू. आधीच्या काकूसुद्धा असंच म्हणाल्या होत्या," मुंगी कुजबुजली. "त्या कुठे गेल्याच नाहीत. बाबांनी नुसती त्यांची बॅग नेऊन टाकली."