पाडव्याची चॉकलेटवडी

थाळीतली वडी काही केल्या धरेना.

लीलानं सुरीचं टोक लावून पाहिलं. काळपट गोळा सुरीबरोबर वर आला आणि परत थाळीत लोळला. पाडव्याचा दिवस, ऊन वर चढलेलं, आणि दुपारच्या खंडव्याच्या गाडीनं पाहुणे यायचे होते.

"मी म्हणत होते, श्रीखंड कर," मालूबाई म्हणाल्या. "सगळं जग पाडव्याला श्रीखंड करतं. तुझं आपलं एकेक नवीन."

"श्रीखंड मास्तर कुठंही खातील, माय. चॉकलेट त्यांना या बुधवारा पेठेत दुसरं कोण देणार?"

विलायती कोकोचा डबा लीलानं मुंबईहून मागवला होता. कृती मिशनच्या मडमेनं सांगितलेली. भट्टी नको, पाक नको. लोणी पातळ करायचं, खाली उतरवून त्यात कोको, पिठीसाखर नि खोबऱ्याचा कीस घालायचा, थाळीत थापायचं, बस. मडम हे तिच्या थंड मुलखात करत आली होती. बऱ्हाणपूरचा चैत्र तिच्या हिशेबात नव्हता.

मालूबाईंनी पदर खोचला. सकाळी हलवायाकडून आणलेला मावा कढईत परतला, पुरता गार केला आणि थाळीतल्या गोळ्यात मळून घेतला. परातीत ओली वाळू पसरून थाळी तिच्यावर ठेवली, वरून ओलं फडकं झाकलं.

"आता बोट लावू नको."

"आणि नाहीच धरलं तर?"

"तर वाटीत घालून चमच्यानं देऊ. म्हणू, आमच्याकडे असंच खातात."

लीला खळखळून हसली. मालूबाईही हसल्या, मग पदराला हात पुसत तिच्याजवळ आल्या.

"लीले, अजून वेळ आहे. गिरधर स्टेशनावर गेलाय, त्याला निरोप धाडू. म्हणावं, तब्येत बरी नाही."

"कोणाची?"

"माझी."

"तुझी तब्येत एकदम ठणठणीत आहे."

"लोक तोंडात शेण घालतील गं."

"इतक्या वर्षांत लोकांनी आपल्या घरी एक वाटी डाळ तरी आणून दिली का? मग आता त्यांना कशाला विचारायचं?"

मालूबाईंनी फडक्यावर पुन्हा पाण्याचा हात फिरवला. लीला लहान असतानाच तिचे वडील तापानं गेले होते. मालूबाईंनी गल्लीतल्या बायकांच्या चोळ्या शिवून तिला शिकवलं, कन्याशाळेत मास्तरीण केलं. विशी उलटली तरी पोरगी बिनलग्नाची, म्हणून कुजबुज होतीच. त्यात आता हे. आणि हे जमवलं होतं लीला आणि श्रीकांत या दोघांनी, कुणा वडीलधाऱ्याला न विचारता.

श्रीकांत मुलांच्या शाळेत शिकवायचा. त्याचे वडील, दत्तात्रय मास्तर, खंडव्याला असत. त्याची आई तो पाळण्यात असताना वारली, आणि मास्तरांनी एकट्यानं त्याला वाढवलं. दोन्ही शाळांची सहल तापीकाठच्या राजघाटावर गेली होती, तेव्हा घोळक्यातून मागे राहून लीला आणि श्रीकांतनं हा बेत ठरवला. बोलता बोलता दोघं आधी हसले होते. मग एकदम गंभीर झाले होते.

गिरधरमामा, म्हणजे मालूबाईंचा धाकटा भाऊ, ऐकून आधी भडकले. घरात येणं बंद केलं. मग एक दिवस आपणहून आले आणि ओट्यावरूनच म्हणाले, "शास्त्रबिस्त्र मला कळत नाही. पण चौकशी केली. माणसं चांगली आहेत."

तेच मामा आता पाहुण्यांना घेऊन दारात उभे होते.

मास्तर उंच, शिडशिडीत. डोक्यावर काळी टोपी. सतरंजीच्या अगदी कडेला बसले आणि रुमालानं कपाळ पुसत राहिले. श्रीकांत मात्र निवांत होता. लीला ताट घेऊन आली. वड्या पक्क्या धरल्या होत्या, कडा चांगल्या कोरीव आल्या होत्या.

मास्तरांनी एक तोंडात टाकली आणि त्यांचं पुसणं थांबलं.

"कॉलेजात होतो तेव्हा मुंबईत एकदा खाल्लं होतं," ते म्हणाले. "त्यानंतर आज. कोणी केलं हे?"

"मायनं," लीला म्हणाली.

"खोटं!" दाराआडून मालूबाईंचा आवाज आला. "मी नुसता मावा घातला."

सगळे हसले. मास्तरही हसले आणि त्यांनी दुसरी वडी उचलली.

"पास?" श्रीकांतनं हळूच विचारलं.

"अजून प्रश्न कुठे विचारलेत?" लीला म्हणाली, आणि मास्तरांकडे वळली. "मास्तर, रागावू नका, पण एक विचारते. उद्या खंडव्यात लोक नावं ठेवतील. नातेवाईक येणं-जाणं तोडतील. तेव्हा?"

"लीले!" मामा दटावून म्हणाले.

"विचारू द्या," मास्तर म्हणाले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पोरी, आयुष्यभर पोरांना शिकवतोय. नावं ठेवून घ्यायची सवय आहे मला. पण मी हो म्हटलं ते कुणाच्या भिडेनं नाही. मला मनापासून हे नातं हवं आहे. तुमच्या घरचं मनही तसंच असेल, तर आजच्या दिवसासारखा मुहूर्त नाही."

 लीलानं मान डोलावली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

मामांनी घसा साफ केला. "तर मग बस झालं. नवरीला बोलवा बाहेर."

लीलानं ताट खाली ठेवलं. ती आत गेली, दाराआड उभ्या असलेल्या आईचा पदर तिनं नीट केला, आणि तिला हाताला धरून मास्तरांसमोरच्या पाटावर आणून बसवलं.